छपाऱ्याजवळ थांबलेल्या त्या ट्रकवाल्यांना

नागपूरहून श्रीनगरला आम्ही दोघं नवरा-बायको गाडीने निघालो होतो, राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून. पेंच, सिवनी मागे पडलं आणि छपाऱ्यापुढे रेडिएटरचा पाइप फाटला. बॉनेटमधून नुसती वाफ, वर मे महिन्याचं ऊन.

पंजाब पासिंगचा ट्रक आपणहून थांबला. इंजिन गार होईपर्यंत सरदारजींनी झाकणाला हात लावू दिला नाही. हिला क्लीनरने केबिनमध्ये सावलीत बसवलं. मग पाइपचं फाटकं टोक चाकूने कापलं, उरलेला ओढून क्लिपने आवळला आणि स्वतःचा पिण्याच्या पाण्याचा कॅन रेडिएटरमध्ये रिकामा केला. अख्खा! लखनादौनच्या गॅरेजपर्यंत ट्रक आमच्या मागेच होता. पैसे तर नाहीच, चहाही त्यांनीच पाजला.

पाजी, श्रीनगरला नीट पोचलो. तुमचे आणि त्या पोराचे मनापासून आभार.