उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांचे आभार

टायटॅनियमच्या साठच टॉर्च करायच्या होत्या. पहिल्या सहांचे आटे टोपण बसवताना धरले आणि सोडवताना फाटले. एवढा महागडा रॉड वाया! उद्यमनगरातले एक लेथवाले मामा, ओळख ना पाळख, तुकडा हातात घेऊन म्हणाले, "ह्यो धातू गरमी सोडत न्हाई, सगळी टूलच्या टोकाला साठतीया. फेरे कमी कर, कूलंट जोरात सोड."

स्वतःचं काम बाजूला ठेवून ते रात्री अकरापर्यंत थांबले. प्रत्येक आट्यावरून नख फिरवून बघायचे, जरा अडलं की परत लेथवर. घेतला फक्त चहा.

मागणी जास्त आली, तेव्हा त्यांच्याच मुलानं माणशी एक चिठ्ठी डब्यात टाकून सगळ्यांसमोर सोडत काढली. माझ्या चुलतभावाचं नाव निघालं नाही, त्याला टॉर्च मिळाली नाही.

मामा, तुमचे आणि तुमच्या मुलाचे मनापासून आभार.