वॉकीटॉकी घेण्याआधी मंडळांना कुणीतरी मराठीत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की बेळगावातल्या मंडळांत पोरं वॉकीटॉकी शोधायला लागतात, म्हणून हे पत्र. विसर्जनाच्या रात्री हुतात्मा चौकापासून कपिलेश्वर तलावापर्यंत पाय ठेवायला जागा नसते, फोन लागत नाही आणि लागला तरी ढोल-ताशात काय ऐकू येत नाही, त्यामुळं सेट लागतातच, हौस म्हणून कुणी घेत नाही.

आम्ही पण गेल्या वर्षी वर्गणीतनं सहा सेट ऑनलाइन मागवले. ऐन मिरवणुकीत बंदोबस्तावरच्या साहेबांनी लायसन विचारलं, आम्हाला माहीतच नाही असलं काय लागतंय ते, सेट काढून घेतले. मग रात्रभर पुढं वायर खाली आलेली दिसली की मागं ट्रॉलीवाल्याला सांगायला एक पोरगा गर्दीतनं पळत जायचा. साहेबांवर माझा राग नाही, नंतर नियम वाचल्यावर कळलं त्यांचं बरोबर होतं.

आपल्याकडं वायरलेस सेट नुसता जवळ ठेवायलासुद्धा परवाना लागतो, १९३३ च्या कायद्यापासून हे आहे, आता त्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. मंडळांच्या कामाला येईल अशी सूट २०१८ च्या नियमात आहे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कमी पॉवरच्या सेटला लायसन लागत नाही, पण त्या मॉडेलला केंद्राच्या वायरलेस खात्याचं म्हणजे डब्ल्यूपीसीचं ईटीए, म्हणजे सेटच्या मंजुरीचं, सर्टिफिकेट पाहिजे. आमचे सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मध्ये कुठंही लावता येणारे, बटणं दाबता दाबता एखादा पोरगा पोलीस नाहीतर फायर ब्रिगेडच्या चॅनेलवर जाऊन बोलत बसला तर त्या गर्दीत केवढ्याला पडेल! फ्रिक्वेन्सी आणि लायसनचं विक्रेत्यानं स्पष्ट लिहावं असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये बजावलंय, तरी पैसे भरायच्या आधी आपणच विचारलेलं बरं.

शांतता समितीच्या बैठकीत साउंडचं, मूर्तीच्या उंचीचं, हेस्कॉम वीज कंपनीच्या तारांचं सगळं सांगतात, तिथंच ह्याला पाच मिनिटं द्या आणि एक पानभर मराठीत छापून द्या, कानडी परिपत्रक आमच्यातल्या निम्म्या पोरांना वाचता येत नाही.

आणखी एक. खानापूरच्या भीमगड जंगलातल्या गावांत पावसाळ्यात ना रेंज ना रस्ता, २०१९ च्या पुरात घटप्रभा-कृष्णाकाठची काय अवस्था झाली ती आपण बघितलीय. अशा वेळी हॅम रेडिओवाले, म्हणजे लायसन घेऊन हौसेनं वायरलेस चालवणारे, कामाला येतात. त्या लायसनची रिस्ट्रिक्टेड, म्हणजे सुरुवातीच्या, ग्रेडची परीक्षा १२ वर्षांच्या पुढं कुणालाही देता येते, मोर्स कोड पण लागत नाही. आपल्या भागातल्या हायस्कूलच्या सरांनी दोन-चार पोरं जरी बसवली तरी पुढच्या पुरात गावातनं बाहेर निरोप तरी जाईल.

एक मंडळ कार्यकर्ता,
शहापूर, बेळगाव