अकाली वयात येणारी मुले

महोदय,

सात-आठ वर्षांचा मुलगा झपाट्याने उंच होऊ लागला, त्याचा आवाज फुटला, की आपल्या कोल्हापुरात 'तालमीत घाला, पैलवान होईल' असे कौतुक होते. परंतु 9 वर्षांच्या आत ही लक्षणे दिसल्यास तपासणी झालीच पाहिजे. क्वचित यामागे वृषणातील लायडिग पेशींची, टेस्टोस्टेरॉन (मुलांना वयात आणणारे पुरुषी संप्रेरक) स्रवणारी गाठ असते. तेव्हा बहुधा एकच वृषण मोठे लागते, आणि हाताला न लागणारी गाठही सोनोग्राफीत दिसू शकते. मुलांमधील ही गाठ सहसा कर्करोगाची नसते व शस्त्रक्रियेने काढता येते. मात्र उशीर झाल्यास हाडांची वाढ लवकर थांबून आज वर्गात सर्वांत उंच असलेला मुलगा पुढे ठेंगणा राहू शकतो. शाळेत उंचीच्या नोंदी होतात (त्या पुन्हा कोण पाहतो, हा प्रश्नच आहे). एकाएकी वाढलेल्या मुलाला तेथूनच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर