‘वैयक्तिक कारणास्तव’ दिलेला राजीनामा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी 31 जानेवारीला मी नोकरी सोडली. राजीनाम्यावर कारण आहे ‘वैयक्तिक कारणास्तव’. त्या दोन शब्दांवर बोट ठेवून मला सांगण्यात आलं की बेकारीच्या काळातला भत्ता तुम्हाला मिळणार नाही. त्याबद्दल लिहिते आहे.

पुण्याला भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ऑगस्ट 2018 पासून तपासणी विभागात होते. लोखंडी रिंगा एकेक करून गेजवर लावायच्या, माप बसलं नाही की लाल ट्रेमध्ये टाकायच्या. आठ तास उभ्याने काम, पण मला ते आवडत होतं. शेवटी शेवटी पगार 18,400 रुपये होता. त्यातून दर महिन्याला कर्मचारी राज्य विम्याचे, म्हणजे ईएसआयचे, 138 रुपये कापले जायचे. मालकाचा वाटा 598 रुपयांचा. कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, हा दर 1 जुलै 2019 पासून आहे. त्याआधी आमच्याकडून पावणेदोन टक्के जायचे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो. साडेसहा वर्षांत एकाही महिन्याची कपात चुकली नाही, पगाराच्या सगळ्या स्लिपा मी जपून ठेवल्या आहेत.

2024 च्या डिसेंबरात इकडे नागपूरला सासऱ्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, तीन आठवडे काढले. सासूबाईंचे गुडघे आधीच दुखावलेले, त्यांच्याने एवढ्या मोठ्या माणसाला कुशीवर वळवणं होईना. माझे मिस्टर एका गोदामात हिशेबाचं काम करतात. त्यांनी मालकांना विनंती केली आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या गोदामात बदली मिळवली. माझ्या कारखान्याची नागपुरात शाखा नाही. पुणे ते नागपूर रस्त्याने सातशे किलोमीटरच्या वर. संसार एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे, असं सात वर्षांच्या मुलाला घेऊन कसं जमावं?

राजीनाम्याचा नमुना ऑफिसच्या संगणकात तयारच होता. नाव आणि तारीख तेवढी घालायची. मी विचारलं, “सासऱ्यांच्या आजारपणामुळे गावी जावं लागतंय, असं लिहू का?” तिथला मुलगा म्हणाला, “ताई, सगळे हेच लिहितात. उगीच रिलीव्हिंग लेटर अडायला नको.” मलाही घाई होती, टेम्पो दुसऱ्या दिवशीचा ठरला होता. मी सही केली.

नागपुरात आल्यावर पहिले दोन महिने मी काम शोधूच शकले नाही, हे खरं सांगते. सकाळी सासऱ्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू द्यायचा आणि बोटं मिटायला लावायची. दहा वेळा. मग डाव्या हाताने चमचा धरायला शिकवायचं. त्यांना काही हवं असलं की ते पलंगाच्या दांडीवर टिचकी मारत. एक टिचकी पाण्यासाठी, दोन म्हणजे उठवा. हे आम्ही ठरवलं नव्हतं, आपोआप ठरलं. एप्रिलपासून हिंगणा आणि बुटीबोरी दोन्हीकडे अर्ज देत हिंडले. पुण्याच्या खोलीचं डिपॉझिट, टेम्पोचं भाडं, मुलाची नवी शाळा यात शिल्लक संपत आली होती. तेव्हा कुणीतरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं नाव सांगितलं.

ही योजना ईएसआयने 1 जुलै 2018 पासून आणली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, अशी तिची सुरुवात होती. करोनाच्या वर्षी, 2020 मध्ये, ते 50 टक्के केले आणि अर्जासाठी थांबायची मुदत 90 दिवसांवरून 30 वर आणली. दोन वर्षं विम्यात असावं लागतं आणि ठरलेल्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. या अटी मी सहज पुऱ्या करत होते. निम्म्या दराने हिशेब केला तर 25-27 हजार रुपये होतात. ज्यांच्या घरी दोन पगार येतात त्यांना ही रक्कम किरकोळ वाटेल. आमचं तीन महिन्यांचं वाणसामान, औषधं आणि मुलाची फी त्यात निघाली असती.

ईएसआयच्या ऑफिसात गेले, तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, कागद नीट पाहिले. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या म्हणाल्या, “ताई, गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला, रिटायर झालेल्याला आणि आपणहून नोकरी सोडलेल्याला हा भत्ता नाही. तुम्हाला कंपनीने काढलं नाही, तुम्ही सोडली.” मी म्हटलं, “मग मी काय करायला हवं होतं?” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. नियमात त्याचं उत्तरच नाही, त्या बिचाऱ्या कुठून देणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपणहून सोडणं आणि सोडावी लागणं यांत फरक आहे आणि तो नियमात यायला हवा. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर 2005 पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, तीत भत्ता 24 महिन्यांपर्यंत मिळू शकतो. कामाबाहेरच्या दुखापतीने 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं तरी तिचा आधार आहे. म्हणजे कामगाराच्या स्वतःच्या शरीरावर आलेलं संकट कायद्याला समजतं. त्याच घरातल्या दुसऱ्या माणसावर ते आलं आणि त्यापायी बाईने घर हलवलं, तर मात्र ते तिचं वैयक्तिक कारण ठरतं.

सरकार आपल्या माणसांसाठी हे मानतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांमध्ये ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द प्रत्येकाला माहीत आहे. नवरा-बायकोने एका जागी राहावं ही गरज तिथे मान्य आहे. भविष्य निर्वाह निधीच्या 1952 च्या योजनेतही लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रीला पैसे काढताना दोन महिने थांबण्याची अट लावू नये, अशी तरतूद केलेली आहे. लग्नासाठी गाव सोडणाऱ्या मुलीची अडचण ज्यांना तेव्हा कळली, त्यांना लग्नानंतर बारा वर्षांनी गाव सोडणाऱ्या बाईची का कळू नये? आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात तर नोकरदार स्त्रीच्या कुटुंबाच्या व्याख्येत सासू-सासरे आले आहेत. हे वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सासरे जर कायद्याने माझं कुटुंब आहेत, तर त्यांच्या लकव्यामुळे सोडलेली नोकरी मी हौसेने सोडली असं कायद्याने म्हणू नये.

असा नियम केला तर लोक खोटं सांगून भत्ता घेतील, असं काही जण म्हणतात. घरी माझे मिस्टरही म्हणाले. पण खोटं पकडायला इथे कागद भरपूर आहेत. नवऱ्याच्या बदलीचा आदेश, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही गावांमधलं अंतर. आणि मुळात भत्ता जेमतेम 90 दिवसांचा, तोही पगाराच्या निम्मा. तेवढ्यासाठी कोण चालती नोकरी सोडेल?

माझी मावसबहीण टोरांटोत असते, तिच्याकडून कळल्यावर मी कॅनडाचा रोजगार विम्याचा कायदा शोधून वाचला. तिथेही उगाच नोकरी सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही. पण सोडण्याशिवाय दुसरा वाजवी मार्ग नव्हता असं दिसलं, तर ते रास्त कारण धरलं जातं. अशा परिस्थितींची यादीच कायद्यात दिली आहे. जोडीदाराबरोबर दुसऱ्या ठिकाणी राहायला जावं लागणं त्या यादीत आहे. मुलाची किंवा जवळच्या कुटुंबीयाची देखभाल करावी लागणं, हेही आहे. आपल्याकडे अशी चार ओळींची यादी जोडायला फार मोठी खटपट नाही.

माझ्यासारख्या बायाबापड्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण मला कुणी सांगितल्या नाहीत. राजीनाम्यावर खरं कारण लिहा, छापील नमुना असला तरी. आधी बदलीचा किंवा बिनपगारी रजेचा अर्ज द्या आणि नकार लेखी मागा, ईमेलवर आला तरी चालेल. आज त्याने भत्ता मिळेलच असं नाही, पण उद्या नियम बदलला किंवा दाद मागायची वेळ आली तर हातात कागद असेल. दुसरं म्हणजे नोकरी सुटली की विमा कार्ड लगेच संपत नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत उपचार मिळतात. माझा विमा क्रमांक पुण्याचा, तोच नागपुरातही चालतो, फक्त दवाखाना बदलून घ्यावा लागतो. हे मला मेमध्ये कळलं. तोवर मुलाच्या तापाचे दोन हजार रुपये मी खाजगीत घालवले होते.

सप्टेंबरपासून मला हिंगण्याला काम मिळालं आहे, पगार पुण्याहून तीन हजारांनी कमी. सासरे आता काठी धरून अंगणापर्यंत जातात. थोडं बोलतात. परवा शेजारच्या काकूंनी माझ्यासमोरच विचारलं, “काहून सोडली पण तू पुण्याची नोकरी?” मी काही बोलायच्या आत सासऱ्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि अडखळत म्हणाले, “माह्यासाठी.”

हेच कारण लिहून मी केंद्रीय कामगार मंत्रालयाला पोस्टाने निवेदन पाठवलं आहे. सोबत डिस्चार्ज कार्डाची, मिस्टरांच्या बदलीपत्राची आणि साडेसहा वर्षांच्या पगाराच्या स्लिपांची प्रत जोडली आहे. विदर्भातल्या आमदार-खासदारांपैकी कुणी हा विषय मांडणार असेल तर हीच कागदपत्रं मी त्यांनाही द्यायला तयार आहे.

आपली,
एक वाचक
मानेवाडा, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)