बिलासोबत पैसे भरायची लिंकही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात टपरीवरच्या चहाचे पैसे क्यूआर कोडवर क्षणात जमा होतात; पण तीस-चाळीस हजारांच्या बिलाच्या वसुलीसाठी आजही आधी फोन, मग व्हॉट्सॲप आणि शेवटी माणूस पाठवावा लागतो. मी नारायण पेठेत छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. छापखानेवाले, केटरर, एसी दुरुस्त करणारे. त्यांची उधारी थकते तेव्हा दर वेळी गिऱ्हाईक बुडवे असते असे नाही. ‘खाते नंबर पुन्हा पाठवा’, ‘आयएफएससी चुकतोय’, ‘नक्की किती द्यायचेत?’ यातच आठवडा निघून जातो. त्यात आपली माणसे भिडस्त. दुसऱ्यांदा पैसे मागायचे तर जीभ रेटत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की प्रत्येक बिलाखाली पेमेंट लिंक असावी. ती उघडली की दुकानाचे नाव, बिल क्रमांक आणि रक्कम समोर येते. यूपीआय, कार्ड की नेट बँकिंग, एवढेच ग्राहकाने ठरवायचे. आठवणीचा संदेशही ठरल्या तारखेला आपोआप जातो. हिशेब लिहिणाऱ्याला तर याचे मोल फारच. बँकेच्या उताऱ्यात नुसते ‘यूपीआय १८,५००’ आणि पुढे ग्राहकाच्या मेहुण्याचे नाव दिसते, तेव्हा ते पैसे कोणत्या बिलाचे हे शोधत बसावे लागते. लिंकवरून आलेली रक्कम बिल क्रमांकासकट येते.

मात्र ही सेवा फुकट नसते, हे दुकानदारांना कोणी नीट सांगत नाही. यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतला जाणारा आकार, सरकारने जानेवारी २०२० पासून शून्य केला असला, तरी लिंक देणारी पेमेंट गेटवे कंपनी आपली फी लावते. बऱ्याच ठिकाणी ती दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २०,००० रुपयांच्या बिलामागे ४७२ रुपये गेले. ज्याचा नफाच चार-पाच टक्के, त्याने सरसकट हा मार्ग धरू नये. त्याने बिलावर रक्कम आणि बिल क्रमांक आधीच भरलेला यूपीआय क्यूआर छापावा आणि मोठ्या रकमेसाठी एनईएफटीचा, म्हणजे बँकेतून थेट खात्यात पैसे पाठवण्याचा, तपशील द्यावा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते.

दुसरी अडचण टीडीएसची, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायच्या आयकराची. समजा एखाद्या एसीवाल्याचे कंपनीला लावलेले देखभालीचे बिल ५०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५९,००० रुपयांचे आहे. कंपनी मूळ रकमेवर एक टक्का टीडीएस कापून ५८,५०० देणार. पण लिंक ५९,००० चीच असेल तर अकाउंट्सवाले ती बाजूला ठेवतात आणि पेमेंट पुन्हा लांबते. लिंक टीडीएस वजा जाता उरलेल्या रकमेची बनवावी, किंवा कमी रक्कम स्वीकारणारी तरी असावी.

लिंक म्हटले की लोक घाबरतात, आणि ती भीती रास्त आहे. अनोळखी नंबरवरून आलेल्या लिंकने खाती रिकामी झाली आहेत. त्यामुळे जबाबदारी पाठवणाऱ्याची. बिलावर छापलेल्या नंबरवरूनच, बिलासोबतच आणि आधी फोन करून लिंक पाठवावी. ग्राहकानेही नाव-रक्कम जुळल्याशिवाय पिन टाकू नये. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

आता भोसरी-चाकणच्या मोठ्या कंपन्यांविषयी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावटही कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. तरीही ‘आमच्या सिस्टिममध्ये लिंक चालत नाही’ एवढे उत्तर देऊन विषय संपवला जातो. चालत नसेल तर खुशाल एनईएफटी करा, पण मुदतीत करा आणि बिल क्रमांक व यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) त्याच दिवशी कळवा. मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योग-व्यापाऱ्यांच्या संघटनेने पेठांमधल्या दुकानदारांसाठी या विषयावर मराठीतून वर्ग घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. दुपारी दोन ते चार ही वेळ ठेवली तर दुकाने बंद असताना माणसे येऊ शकतील.

आपली,
हिशेब लिहिणारी एक वाचक
नारायण पेठ, पुणे