भिंतीतले भोक बुजवून देणाऱ्या शेजारच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या एडिसनच्या घरातील भिंतीचे भोक बुजवण्यासाठी आपण सलग तीन संध्याकाळी आलात, त्याबद्दल जाता येता ‘थँक यू’ म्हणून भागवणे मला बरे वाटेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नाशिकच्या घरी भिंतीत खिळा ठोकायचा म्हटले की खिळा वाकायचा, भिंत बधायची नाही. त्यामुळे न्यू जर्सीत दाराची मूठ नुसती आदळून भिंतीला पाच इंचांचे भगदाड पडते, हेच मला आधी पटत नव्हते. मग मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि डब्यातल्या तयार कंपाउंडचा (भिंत भरायच्या लगद्याचा) जाड थर वरून थापला. तिसऱ्या दिवशी त्याला भेगा पडल्या आणि बोट लावताच सगळे बोळ्यांसकट आत गेले. ते पाहून आपण हसला नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

आपण आधी टॉर्च आत घालून वायर जात नाही ना, याची खात्री केलीत आणि मग ते वेडेवाकडे भोक करवतीने मोठे करून चौकोनी केलेत, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आत लाकडी पट्टी आडवी धरून तिला दोन्ही बाजूंनी स्क्रू मारताना आपण सांगितलेत की इथल्या भिंती ज्याच्या असतात त्या अर्ध्या इंचाच्या जिप्सम बोर्डाची, म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या फळीची, ताकद त्याच्या कागदात असते. स्क्रूचे डोके कागदाच्या जरासे खाली जावे, पण कागद फाटू नये, कारण तो फाटला की आत उरतो तो नुसता खडू. माझा पहिलाच स्क्रू फाडून आत गेला. आपण काही न बोलता दोन इंच बाजूला बोट ठेवलेत आणि दुसरा मारायला लावलात.

चौकोनात बोर्डाचा नवा तुकडा बसवल्यावर त्याच्या जोडावर जाळीची टेप लावून पहिला थर आपण पाण्यात कालवायच्या पावडरीचा दिलात, जी रासायनिक क्रियेने घट्ट होते आणि फारशी आक्रसत नाही. डब्यातले कंपाउंड पाणी उडून सुकते, म्हणून ते जाड थापले की तडकते, हे माझ्या बोळ्यांचे कोडे तेव्हा सुटले. (आपण त्याला शेवटपर्यंत ‘लांबी’च म्हणत होतात, आणि दुकानातील मुलाला ते काही कळले नाही, ही गोष्ट वेगळी.) पुढचे दोन थर पातळ, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, आणि मध्ये पुरती रात्र. शेवटी पॉलिशपेपर मारून झाल्यावर आपण मला डोळे मिटून भिंतीवरून तळहात फिरवायला सांगितलेत. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा हाताला उंच लागली, ती मीच पुन्हा घासली.

प्रायमर न लावता रंग दिला असता तर कागद आणि लांबी रंग वेगवेगळा शोषतात म्हणून ठिगळ उठून दिसले असते, हेही आपल्यामुळेच टळले. दारामागे रबरी स्टॉपर आता बसवला आहे.

लांबी ओढायचा आपला दहा इंची पत्रा माझ्याकडेच राहिला आहे. तो धुऊन, कोरडा करून, तेलाचे बोट फिरवून ठेवला आहे. रविवारी घेऊन येतो. आपल्या गॅरेजच्या छताला पडलेली चीर आपण मला दाखवली होती. ती भराल तेव्हा शिडी धरायला तरी मला बोलवावे.

आपला नम्र,
पलीकडच्या घरातील शेजारी