पाचवी ते आठवीच्या मुलांना कादंबरी द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शालेय ग्रंथालयांसाठी मराठी कुमार कादंबऱ्यांची खरेदी

महोदय,

मुंबईत मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारे, त्यांचे संपादन करणारे, चित्रे काढणारे आणि ग्रंथालयात त्या मुलांच्या हाती देणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या ग्रंथालयाला मिळणाऱ्या पैशांतला ठरावीक वाटा कुमार कादंबरीसाठी, म्हणजे पाचवी ते आठवीच्या मुलांच्या कादंबरीसाठी, राखून ठेवा, आणि तो मोजक्या पुस्तकांच्या अनेक प्रतींवर खर्च करा.

हे अनुदान शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला 5 हजार ते 20 हजार रुपये असते. पाच हजारांत 30 रुपयांच्या सोळा पानी पुस्तिका दीडशेहून जास्त येतात, 200 रुपयांच्या कादंबऱ्या फक्त 25. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत पुस्तकांचा आकडा मोठा दिसायचा असेल तर हात पुस्तिकांकडेच जाणार. पहिली-दुसरीला त्या हव्याच. पण अकरा वर्षांच्या मुलाची पुस्तिका मधल्या सुट्टीत वाचून संपते. एखाद्या पात्राबरोबर सव्वाशे पाने राहायची, आदल्या दिवशीचा धागा दुसऱ्या दिवशी पकडायचा, ही सवय लागण्याचे वय हेच. नववीत क्लास सुरू झाले की ती लावायला कोणाकडेच वेळ उरत नाही.

आता त्याच पाच हजारांचा हिशेब वेगळा मांडू. तीन कादंबऱ्यांच्या प्रत्येकी 8 प्रती, म्हणजे 24 प्रती, 4,800 रुपये. चोवीस मुलांचे तीन गट करायचे आणि तीन आठवड्यांनी पुस्तके बदलायची. वर्गात 48 मुले असतील तर दोघांत एक प्रत. कपाटात पुस्तकाची एकुलती एक प्रत असली की कपाटाला कुलूप लागते, कारण हरवली तर भरून कोण देणार ही बाईंची काळजी खरी असते. म्हणून दरवर्षी काही प्रती फाटणार, काही गहाळ होणार हे शासन निर्णयातच धरा. अशा प्रती नोंदवहीतून कमी करण्याचा (निर्लेखनाचा) अधिकार मुख्याध्यापकांना द्या, वसुली शिक्षकाकडून नको. एवढी एक ओळ आली तरी पुष्कळ कुलपे निघतील.

पण चांगल्या कादंबऱ्या आहेत कुठे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर संपादनात आहे. कुमार कादंबरी साधारण 25 ते 30 हजार शब्दांची. चौदा पॉइंट अक्षरात डेमी आकाराची 128 पाने होतात, म्हणजे सोळा पानांचे आठ फॉर्म. प्रकरण बाराशे ते पंधराशे शब्दांचे असले की एका तासिकेत वाचून होते. हस्तलिखित बहुतेक वेळा ठरावीक जागी फसते : पहिली दोन प्रकरणे आईवडिलांची ओळख करून देण्यात जातात, शेवटचा पेच एखादे काका येऊन सोडवतात आणि अखेरच्या पानावर उपदेश येतो. पेच मुलांनीच सोडवला पाहिजे, चुकत का होईना. हे दुरुस्त करायला लेखकाला दुसरा खर्डा लिहावा लागतो. मग तो दहा-बारा मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचा, ती कुठे चुळबुळ करतात ते समासात टिपायचे, आणि तिथे कात्री लावायची.

तपशीलही तपासावे लागतात. चेंबूरची मुलगी हार्बरच्या गाडीने थेट दादरला उतरली असे छापले, तर चेंबूरचा वाचक तिथेच थांबतो. हार्बरला दादर नाही, तिने कुर्ल्याला गाडी बदलायला हवी होती. एवढ्याशा चुकीने त्याचा पुढच्या सगळ्या गोष्टीवरचा विश्वास उडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द मोडतात, म्हणून त्यानंतर मुद्रिते (प्रुफे) पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागतात. बारा-पंधरा रेखाचित्रे आणि मुखपृष्ठ धरून या सगळ्याला वर्ष सहज जाते.

या वर्षभराच्या कामाचे पैसे कोण देतो? हजार प्रतींच्या आवृत्तीत 200 रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन म्हणजे लेखकाला 20 हजार, तेही प्रती खपत जातील तसे. मोठी सवलत देऊन विकलेल्या प्रतींवर मानधन निव्वळ किमतीवर धरले तर आणखी कमी. चित्रकाराला बहुधा एकदाच ठोक रक्कम. संपादन मग खर्च वाचवण्याची जागा बनते. राज्य वाङ्मय पुरस्कार छापून झालेल्या पुस्तकाला मिळतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान पहिल्या पुस्तकासाठी असते. दुसरी, तिसरी कादंबरी लिहिणारा, ज्याचा हात आता कुठे बसू लागला आहे, तो मधल्यामध्ये राहतो. त्याला शाळांची खात्रीची खरेदी तारेल, कारण 3 हजार प्रती जाणार हे आधी ठाऊक असेल तर प्रकाशक संपादकाला पैसे देऊ शकतो.

निवडीच्या अटी सोप्या ठेवा. पृष्ठांमागे किंमत हा निकष नको. अक्षर 14 पॉइंटचे, बांधणी फॉर्म शिवून केलेली, कारण नुसत्या गोंदावर चिकटवलेली पाने हाताळणीत सुटतात. पुस्तकात संपादकाचे व चित्रकाराचे नाव हवे, लेखकाच्या मानधनाचा करार अर्जासोबत हवा. निवड समितीत 1971 पासून ‘किशोर’ हे मुलांचे मासिक काढणाऱ्या बालभारतीचे संपादक घ्या, पाचवी ते आठवीला शिकवणारे शिक्षक घ्या, आणि अंतिम यादीआधी पुस्तके महिनाभर काही शाळांत मुलांना वाचायला द्या. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळा त्यासाठी हाताशी आहेत.

साहित्य आणि संस्कृती मंडळ मराठी भाषा विभागाकडे, सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आणि शाळा आपल्याकडे, अशी वाटणी आहे. यादी एकदा तयार झाली की ती तिन्ही ठिकाणी चालावी, प्रकाशकाला तीनदा अर्ज करायला लागू नये. येत्या जूनच्या खरेदीत हे बसवायचे तर निवडीची जाहिरात ऑक्टोबरपर्यंत निघायला हवी. नमुना कराराचा आणि निवड निकषांचा मसुदा आम्ही तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास तो घेऊन येऊ.

आपले,
मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारे, संपादित करणारे आणि चितारणारे काही मुंबईकर

प्रत माहितीसाठी : मा. मराठी भाषा मंत्री, मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री